काटा मास्तर आणि चार राखाडी टाक्या

मास्तर कुठल्याही कामावर गेले की यजमानाला नमस्कार करायच्या आधी काटा ठेवायला सपाट जागा शोधायचे. काटा म्हणजे वजनकाटा. आम्ही माणसं एसी आणि फ्रीज दुरुस्त करणारी. आमच्या धंद्यात पाना लागतो, नळीला टाका मारायची बत्ती लागते, गॅसचा दाब बघायचं मीटर लागतं. वजनकाटा घेऊन हिंडणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता. राजारामपुरीत एका बाईंनी वरच्या गॅलरीतूनच ओरडून सांगितलं होतं, "आज रद्दी न्हाय ओ!" मास्तर खालून त्यांच्या दुप्पट आवाजात म्हणाले, "रद्दीवाला न्हाय ताई, तुमच्या एसीतला गॅस मोजायला आलोय!" बाई म्हणाल्या, "गॅस कधी मोजत्यात व्हय?" "मटण मोजून घेतासा, सोनं मोजून घेतासा, मग गॅसनंच काय घोडं मारलंय?" गल्ली हसली. मास्तर नाही हसले. त्यांना खरंच राग आलेला असायचा.

ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. मूळचे कुरुंदवाडचे, आयटीआय शिकलेले, पुढं उद्यमनगरात स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलेले. पण शाळेतल्या मास्तरासारखे सगळ्या जगावर ओरडायचे, म्हणून मास्तर. आणि काट्यापायी काटा मास्तर. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो. कबनूरला आमचे चार यंत्रमाग होते, ते भंगारात गेले. घरात बायको आणि दोन मुली. त्या वयात नवा धंदा शिकायला कोण ठेवून घेणार? मास्तरांनी घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "माग चालवलायस न्हवं? मग धागा तुटला की माग थांबवायचा, एवढी अक्कल असंल. इथं तेवढीच लागती." माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. शेवटपर्यंत मी "कबनूर" होतो.

आता जरा धंद्याचं सांगतो, कारण त्याशिवाय त्यांचा राग कळणार नाही. एसीच्या नळ्यांतून जो गॅस फिरतो तो दुरुस्तीच्या वेळी बाहेर काढावा लागतो. काढायची रीत अशी की रिकव्हरी मशीन लावायचं, सगळा गॅस एका खास टाकीत ओढून घ्यायचा, किती आला ते मोजायचं, साफ करायचा आणि परत वापरायचा. नासलेला असला तर नष्ट करायला पाठवायचा. ह्याला वेळ लागतो. म्हणून निम्मे लोक काय करतात? नळी कापतात. फुस्स! दोन मिनिटांत काम. गॅस गेला वर, जाऊ दे, आभाळ कुणाच्या बापाचं आहे? हे मी आजही रोज बघतो, आजही माझं डोकं फिरतं. सगळ्यांना माहीत असतं की हा गॅस वर जाऊन काय करतो. वर्तमानपत्रात वाचतात, उन्हाळ्याला शिव्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन नळी कापतात.

एकदा शेजारच्या दुकानातल्या एका मेकॅनिकनं मास्तरांच्या देखत असा गॅस सोडला. मास्तर धावले. तो म्हणाला, "मास्तर, मोकळी जागा हाय, वारा खाईल की."

"वारा खाईल? वाऱ्याचं पोट काय तुझ्या मामानं शिवलंय? खुळा हाईस काय रं? उद्या तुझ्या घरात मी धूर सोडला आन् म्हटलं, भिंती खातील, तर चाललं का?"

तळघरात कुणी असं केलं की मग तर ते पिसाळायचे. हा गॅस हवेपेक्षा जड. खोल जागेत खाली साचतो आणि श्वासाची हवा ढकलून देतो. वास नाही, काही नाही; माणसाला कळायच्या आत तो खाली बसतो. त्यांच्या उमेदीच्या काळातला एक जोडीदार एका लॉजच्या तळघरात असाच बसला आणि उठला नाही. पेटत्या बत्तीजवळ हाच गॅस गेला तर विषारी वाफ होते. पातळ गॅस हातावर उडाला तर कातडी गोठून भाजते. म्हणून मास्तर आधी दारं-खिडक्या उघडायचे, हातमोजे घालायचे, चष्मा लावायचे, मग पाना हातात घ्यायचे. मी एकदा मोजे विसरून गेलो, तर मला पुढच्या चौकातून परत पाठवलं. भर मे महिन्यात, चालत.

गिऱ्हाइकावरही ते तसेच ओरडायचे. कुणी म्हटलं, "मास्तर, गॅस संपलाय, जरा भरून द्या," की झालं. "गॅस संपत नसतोय! गॅस काय चुलीवरचं दूध हाय आटायला? कुठंतरी गळतोय. आधी भोक हुडकतो, ते बुजवतो, मग भरतो." गिऱ्हाईक म्हणायचं, पलीकडचा तर दर उन्हाळ्यात भरून देतो, दहा मिनिटांत. "मग पलीकडच्याकडंच जावा की! दर उन्हाळ्याला जावा. त्याचं पोरगं शिकून मोठं हुईल." अशानं कामं जायची. मास्तरांना त्याचं काही वाटायचं नाही, मला वाटायचं.

गॅस ओढून घ्यायच्या टाक्या राखाडी रंगाच्या, वर पिवळी डोकी. आमच्याकडे चार होत्या, चारी एकाच मापाच्या, एकीसारखी दुसरी. टाकी कधी गच्च भरायची नाही. शंभरातले ऐंशी झाले की थांबायचं, कारण उन्हात गॅस फुगतो आणि जागा नसली की टाकी फुटते. त्यासाठीच तो काटा. प्रत्येक टाकीवर मास्तरांनी एक पांढरा पट्टा रंगवला होता. त्यावर मार्करनं लिहायचे: कोणता गॅस, कुणाच्या मशीनमधला, किती किलो, साफ की घाण. मी एकदा म्हटलं, हे वहीत पण लिहून ठेवू या. तर म्हणाले, "वही दुकानात ऱ्हाती, टाकी कामावर जाती. टाकीचं टाकीवर पायजे. लग्न झालेल्या पोरीचं माहेर ठावं नसलं तर कसं चालंल?" हा त्यांचा हट्ट. चूक होता, हे आज मी म्हणू शकतो. पण मी ते म्हणण्यात काय अर्थ आहे, ते पुढं कळेल.

मास्तरांच्या मनात एकच गोष्ट होती. कोल्हापुरातल्या सगळ्या मेकॅनिकांनी मिळून रिकव्हरी मशीन घ्यायचं, ज्याला लागेल त्यानं न्यायचं आणि गॅस हवेत सोडायचा कुणी नाही, असं सगळ्यांनी ठरवायचं. एकट्याला मशीन परवडत नाही हे त्यांना कळत होतं. त्यासाठी ते सहा वर्षं दुकानोदुकानी फिरले. लोकांनी चहा पाजला, टिंगल केली, परत पाठवलं. हे परत गेले. ओरडून ओरडून त्यांनी पस्तीस-चाळीस माणसं गोळा केली. आमच्या मेकॅनिक मंडळाची सभा दिवाळीनंतर ठरली, त्यात ठराव होणार होता. अध्यक्षसुद्धा हो म्हणाले होते. मास्तरांच्या आयुष्याची ती कमाई होती म्हणा ना. तिचं पुढं जे झालं ते माझ्यामुळं झालं.

मास्तर बौद्ध. दर वर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे, काकूंना घेऊन. त्यामुळं आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही वर्कशॉपमध्ये हत्यारं पुजायचो तेव्हा ते गाडीत असायचे. त्यांनी कधी नको म्हटलं नाही. "तुझी हत्यारं तू पूज. मी रोज पुसतो तेवढं मला बास." त्या वर्षी मी बायकोला आणि मुलींना पहिल्यांदाच पूजेला बोलावलं. आपला बाप काय काम करतो हे पोरींनी बघावं, असं वाटलं. भंगारवाल्याच्या टेम्पोत माग चढताना त्यांनी मला बघितलं होतं, त्यावर जरा उतारा. मग मी वर्कशॉप घासलं. फरशी घासली, पाने घासले, आणि त्या चार टाक्या तेलकट झाल्या होत्या, त्या थिनर लावून लख्ख केल्या. इतक्या लख्ख, की पांढऱ्या पट्ट्यावरचं एक अक्षर राहिलं नाही. घासताना माझ्या हे ध्यानातही आलं नाही. पोरींनी त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, ओळीनं मांडलं, मध्ये काटा ठेवला, भोवती रांगोळी काढली. धाकटी म्हणाली, "बाबा, किती छान दिसतंय." मला ते खरंच छान वाटलं.

त्या चार टाक्यांपैकी एकीत विष होतं. पंधरा दिवसांपूर्वी एका मिठाईवाल्याच्या एसीतून मास्तरांनी गॅस काढला, तर त्यात कुणीतरी स्वस्तातला पेटणारा गॅस मिसळलेला. मास्तरांनी त्या टाकीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: भेसळ, पेटतो, कुठंही भरू नये. ती पुण्याला नष्ट करायला जायची होती. दुसऱ्या टाकीत शहरातल्या एका इस्पितळाचा गॅस होता. त्यांच्या औषधांच्या थंड खोलीचं मशीन महिन्याभरापूर्वी दुरुस्त करताना काढलेला, साफ करून त्यांच्यासाठीच ठेवलेला; तेवढ्यापुरता मशीनमध्ये नवा भरला होता.

दसऱ्याच्या दुपारी इस्पितळातून फोन आला. थंड खोली थंड होईना, औषधं आत आहेत, ताबडतोब या. मी धावत वर्कशॉपला आलो. बघतो तर चार टाक्या, चारी कोऱ्या. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, काय करून बसलो ते. आता शहाण्या माणसानं काय करावं? कपाटात दोन नव्या, सीलबंद टाक्या होत्या. त्यातली एक फोडावी. किंवा काटा उचलावा आणि वजन करावं. इस्पितळाची टाकी किती किलोची हे मला साधारण आठवत होतं. पण नवी फोडली तर मास्तरांना का फोडली ते सांगावं लागलं असतं. आणि काटा रांगोळीत होता, त्यावर माळ होती, पोरींनी दोन तास खपून केलेलं. मी काय केलं? हातानं उचलून बघितलं आणि म्हटलं, हीच ती. हातानं! तीन वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढून!

गळती काढली, गॅस भरला, खोली थंड झाली. नर्सबाईंनी सोनं दिलं, आपट्याची पानं. मी खूश होऊन घरी गेलो.

दोन दिवसांनी मास्तर आले. टाक्या बघितल्या आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "कुणी घासल्या? कुणी? आरं, तुला भांडी घासायला ठेवलाय का मी?" मी मान खाली घालून ऐकत होतो. मग ते एकदम थांबले. "मी नसताना कुठं भरलास का?"

"इस्पितळात."

"कुठली टाकी?"

मी म्हणालो, "नवी फोडली."

"वजन केलंस?"

"केलं."

"मग ठीक हाय," असं म्हणून ते टाक्यांकडे वळले. नाव नसलेला गॅस म्हणजे घाणच समजायचा, असं म्हणून चारी टाक्या त्यांनी तशाच पुण्याला पाठवल्या. सगळ्या गोष्टी मोजून घेणाऱ्या त्या माणसानं माझं बोलणं मात्र न मोजता घेतलं. कपाट उघडून बघितलं असतं तर दोन्ही नव्या टाक्या तिथंच होत्या.

तीन आठवड्यांनी इस्पितळाच्या मशीनचा कॉम्प्रेसर जळाला. औषधं नासली. त्यांनी बाहेरच्या एका कंपनीचा माणूस बोलावला, त्यानं यंत्र लावून गॅस तपासला आणि रिपोर्ट दिला: पेटणाऱ्या गॅसची भेसळ. बंद खोली, विजेची बटणं, दाराबाहेर पेशंटांची रांग. गॅस गळून त्यावर एक ठिणगी पडली असती तर? मी अजूनही त्या खोलीसमोरून जाताना मान वर करत नाही. व्यवस्थापकानं आम्हाला दोघांना बोलावलं. रिपोर्ट मास्तरांच्या पुढ्यात टाकला. मास्तर म्हणाले, "साहेब, यंत्र चुकलं असंल. माझ्या माणसानं नवा गॅस घातलाय. तो खोटं बोलत न्हाय."

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो हो? एक वाक्य! मी छताकडे बघत राहिलो. इस्पितळाचं काम सुटलं, त्याच आठवड्यात आणखी दोन सुटली.

मग ती सभा झाली. ठराव मास्तरांचा, पण तो वाचायचीही पाळी आली नाही. एक जण उठला, "लोकांचा वापरलेला गॅस गोळा करून दुसऱ्यांच्या मशीनात भरायचा, हेच न्हवं रिकव्हरी? मग इस्पितळात झालं तसंच होणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी जन्मात कधी गॅस मोजला नाही, ज्यांनी स्वतः त्या मिठाईवाल्याच्या एसीत असलं काहीबाही भरलं असेल, त्यांनी वाजवल्या! मास्तर उभे राहून सांगत होते की नवा गॅस होता, माझा माणूस तिथं होता, त्याला विचारा. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "काय ओ पावणं, नवाच होता न्हवं?" मी मान डोलावली. चाळीस माणसांसमोर खोट्यावर दुसरं खोटं. आणि माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "खंडेनवमीला हत्यारं पुजत न्हाईत. मग दुसरं काय हुणार?"

चारपाच जण हसले. मला ते ऐकू आलं, मास्तरांना पण आलं असणार. पूजा कुणी केली होती आणि काय घासून केली होती हे त्या सभेत एकाच माणसाला माहीत होतं. देवानं काही केलं नव्हतं, न पूजणाऱ्यानं काही केलं नव्हतं. मी केलं होतं, थिनरनं. ते वाक्य बोलणाऱ्याची गचांडी धरायला पाहिजे होती. त्या दिवशी मी सुपारी चघळत बसलो होतो. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर लवकर आले होते. त्यांनी कपाटातून दोन्ही नव्या टाक्या काढल्या आणि माझ्यासमोर एकेक करून काट्यावर ठेवल्या. दोन्हींची सीलं शाबूत, दोन्ही पुरेपूर वजनाच्या. मी ओरडा ऐकायच्या तयारीनं उभा राहिलो. खरं सांगतो, मला तो हवा होता. त्यांनी हाणली असती तरी बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. टाक्या परत कपाटात ठेवल्या, हात पुसले आणि म्हणाले, "दोन्ही भरल्यात."

मी म्हणालो, "मास्तर, मी सांगतो सगळ्यांना."

"सांग."

"घाबरलो होतो. घरात दोन पोरी हायत."

"मी कुठं काय म्हणतोय? सांग म्हणतोय." आणि त्यांनी त्या दिवसाचं काम मला सांगितलं.

मी सांगितलं नाही. उद्या सांगू, पुढच्या सभेत सांगू, अध्यक्षांना एकट्याला गाठून सांगू. पाच महिने मास्तरांनी मला कामावर ठेवलं, पगार दिला, सगळं शिकवायचं ते शिकवलं, आणि त्या गोष्टीचा परत एक शब्द काढला नाही. माझ्यावर ओरडणं मात्र बंद झालं. मोजे विसरलो तर स्वतःचे काढून द्यायचे. तो छळ मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. कामं तुटत गेली. शेवटी त्यांनी वर्कशॉप बंद केलं आणि कुरुंदवाडला निघाले. रिकव्हरी मशीन माझ्या हवाली केलं. मी म्हटलं, मला नको, मी ह्याच्या लायकीचा नाही. तेव्हा एकदाच त्यांचा जुना आवाज आला. "लायकी तुझ्या घरी ठेव! मशीन हितं गंजून पडलं तर गॅस कोण काढणार, तुझा अध्यक्ष? माणूस म्हणून कसा का असंना, काम तरी नीट कर." एस.टी.त बसल्यावर त्यांनी खिडकीतून बघितलं नाही.

आता कळंब्याला माझं स्वतःचं दुकान आहे. ते मशीन चालू आहे. मी एक कण गॅस हवेत सोडत नाही, टाकीवर लिहितो आणि वहीतही लिहितो. लोक मला चांगला मेकॅनिक म्हणतात. कुरुंदवाड कोल्हापूरपासून काही विलायतेला नाही, पण मी तिकडं एकदाही गेलो नाही. दिवाळीला फोन करायचो, "मास्तर, बरं हाय न्हवं?" ते म्हणायचे, "बरं हाय," आणि मग गप्प बसायचे, लांबपर्यंत. मी म्हणायचो, "ठेवतो मग."

मागच्या पावसाळ्यात मास्तर गेले. मंडळानं शोकसभा ठेवली, त्याच हॉलमध्ये. काकू पांढरी साडी नेसून पुढं बसल्या होत्या. अध्यक्ष बोलायला उठले. मास्तर कसे तळमळीचे, कसे कडक, आणि मग म्हणाले, "माणूस लाखात एक. पण चूक कुणाच्या हातून होत न्हाय? ते इस्पितळाचं एक प्रकरण सोडलं, तर..."

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "थांबा. ती चूक त्यांची न्हाय." आणि सगळं सांगितलं. थिनर, हळदकुंकू, हातानं उचललेली टाकी, नवी फोडली म्हणून मारलेली थाप. मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "जाऊ दे आता. माणूस गेला. झालं गेलं गंगेला मिळालं." मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय, आता उकरून काय उपयोग?" दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, चहा आला. चहा! हॉलमध्ये पेल्यांचा आवाज सुरू झाला आणि माणसं भाव-दर बोलायला लागली. ज्या खोट्यानं एका माणसाची सहा वर्षांची मेहनत मातीत घातली, त्या खोट्याचा खुलासा ह्यांना चहाच्या आड येत होता.

मी काकूंच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"उठा," त्या म्हणाल्या. "मला काय नवीन सांगितलासा? मला त्याच दिशी म्हाईत झालंय. त्यांनी घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, मग उठा, सगळ्यांना सांगा. तर म्हणाले, नको, तो सांगणार हाय, आठ दिस थांब. मग म्हणाले, महिनाभर थांब. पुढं काय म्हणायचे न्हाईत. पण दिवाळीला तुमचा फोन आला की मला हातानं खुणावायचे, गप बस म्हणून. वाटायचं त्यांना, आज सांगतोय."

माझ्या तोंडातून माफीचा शब्द निघाला असेल, कारण त्या एकदम चिडल्या. मास्तरांच्याच आवाजात.

"माफी कशाला मागतासा? माफी देणारा माणूस न्हाय आता. रडायचं असलं तर घरी जाऊन रडा. जिथं जिथं त्यांचं नाव खराब झालंय तिथं तिथं जावा आन् सांगा. चार माणसांनी चहा पीत ऐकलं म्हणजे झालं व्हय?"

मी इस्पितळात गेलो. व्यवस्थापक बदललेला; नवा म्हणाला, जुनी गोष्ट आहे, आमच्याकडं नोंद नाही. मी तरी पूर्ण सांगितलं, तो मोबाइल बघत होता तरी सांगितलं. ज्या दोन ठिकाणची कामं सुटली होती तिथं गेलो. एका मालकाला मास्तर आठवतही नव्हते. मंडळातल्या एकेकाच्या दुकानात जाऊन परत सांगतो आहे, काही जण हल्ली मला बघून आत जातात. त्यांना वाटतं मी खुळावलो. खुशाल वाटू दे. तरी सगळीकडं पोचता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

तेव्हा ज्यांनी ऐकलं असेल की काटा मास्तरांनी इस्पितळात भेसळीचा गॅस भरला, त्यांनी नीट वाचा. टाक्यांवरची अक्षरं मी पुसली. तो गॅस दसऱ्याच्या दुपारी मी भरला. नवा होता असं मी खोटं सांगितलं, एकदा नाही, दोनदा. मास्तर त्या दिवशी नागपुरात होते.